किन्हीराजाचा कातळ आणि सागराची लाट

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा नावाचे गाव आहे. गावाभोवती काळ्या मातीची शेते पसरलेली आहेत आणि पावसाळा चांगला झाला म्हणजे त्यांत सोयाबीन, तूर व कपाशी डोलू लागते. या शिवारात विहीर खणावयास घेतली, की प्रथम काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम लागतो, आणि मुरूम संपला म्हणजे काळाकभिन्न कातळ पुढे येतो. कुदळीला तो दाद देत नाही; सुरुंगाचे साहाय्य घ्यावे लागते. येथून अरबी समुद्र सरळ रेषेने मोजला तरी सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर पडतो. किन्हीराजाच्या शेतकऱ्याला चिंता असते ती आभाळातील पाण्याची. सागराच्या पाण्याने त्याची झोप उडावी असे काही कारण दिसत नाही.

आणि तरीही सागरतळाशी, माणसाच्या दृष्टीआड, जी एक प्रचंड घडामोड अहोरात्र चालू आहे तिच्याशी या गावाचे नाते आहे. ते दुहेरी आहे. एक नाते त्या कातळाचे आहे. कारण विहिरीत लागणारा तो दगड स्थिर वाटला तरी वस्तुतः मोठा प्रवासी आहे. दुसरे नाते माणसांचे आहे. कारण वऱ्हाडातल्या कोणत्याही गावाप्रमाणे येथल्या घरांचेही कोणी ना कोणी पोटासाठी वा शिक्षणासाठी मुंबईस, कोकणपट्टीस किंवा त्याहूनही दूर गेलेले असते. भूकंप कसा होतो आणि समुद्र जमिनीवर का चालून येतो, हे समजून घेणे म्हणूनच केवळ किनाऱ्यावर राहणाऱ्यांचे काम नव्हे.

प्रथम त्या कातळाचा वृत्तांत पाहावा. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून तप्त शिलारस वर आला व दूरवर पसरला. तो थिजला, पुन्हा नवा शिलारस आला, तोही थिजला. आणि अशा रीतीने थरावर थर रचून दख्खनचे पठार सिद्ध झाले. आजही या काळ्या पाषाणाने ५ लक्ष चौरस किलोमीटरांच्या आसपास प्रदेश झाकलेला आहे. परंतु आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. हा शिलारस वाहिला तेव्हा ही भूमी आजच्या ठिकाणी नव्हतीच. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेस, हिंदी महासागरात आज जेथे रीयुनियन बेट आहे त्या बाजूस होती. किन्हीराजाच्या विहिरीतील दगड विषुववृत्त ओलांडून, हजारो किलोमीटरांची मजल मारून येथवर आला आहे.

त्याला येथवर कोणी आणले? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास शास्त्राला बराच काळ लागला. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ साली खंडे सरकतात हा सिद्धान्त मांडला, तेव्हा पुष्कळांनी त्याची थट्टा केली. एवढे मोठे खंड ढकलणारी शक्ती कोणती, असे विचारले असता वेगेनरला समाधानकारक उत्तर देता येईना. ते उत्तर सुमारे अर्धशतकानंतर, १९६० नंतरच्या दशकात, समुद्राच्या तळाची कसून पाहणी झाल्यावर हाती आले. पृथ्वीचे बाह्य कवच अखंड नाही. ते अनेक प्रचंड तुकड्यांचे बनलेले असून प्रत्येक तुकडा सरासरीने शंभर किलोमीटरांच्या आसपास जाड आहे. या तुकड्यांना भूपट्ट असे म्हणतात. त्यांच्याखालचा खडक घनच असतो, पण उष्णतेमुळे तो लाखो वर्षांच्या हिशेबात मेणासारखा हळूहळू वाहू शकतो. त्याच्यावरून हे भूपट्ट सरकत असतात. भारत ज्या पट्टावर आहे तो आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर या गतीने ईशान्येकडे चालला आहे. माणसाची नखे वाढतात, साधारण त्याच मापाची ही गती आहे.

आता समुद्राचा तळ कसा जन्मतो व कसा लयास जातो, ते पाहिले म्हणजे या गतीचे मूळ सापडते. महासागरांच्या मध्यातून पर्वतांच्या लांबच लांब रांगा गेलेल्या आहेत. अरबी समुद्राच्या दक्षिणेस अशीच एक रांग असून तिला कार्ल्सबर्ग असे नाव आहे. या रांगांच्या माथ्यावर कवच दुभंगते, खालून शिलारस वर येतो आणि नवा सागरतळ तयार होतो. नवा तळ उष्ण असतो, म्हणून हलका असतो. जसजसा तो रांगेपासून दूर सरकतो तसतसा निवत जातो, जाड होतो व जड होतो. कोट्यवधी वर्षांनंतर तो इतका जड होतो की खालच्या उष्ण खडकावर तरंगत राहणे त्याला कठीण पडते. अशा वेळी दुसरा, अधिक हलका भूपट्ट समोरून आला, की जड पट्ट वाकतो आणि त्याच्याखाली शिरू लागतो. एकदा शिरू लागला म्हणजे तो थांबत नाही. पलंगावरची जड गोधडी एका कडेने खाली लोंबू लागली, की लोंबणारा भागच उरलेल्या गोधडीला ओढू लागतो. तद्वत् पृथ्वीच्या पोटात बुडालेला भाग मागच्या सगळ्या पट्टाला आपल्यामागे खेचतो. वेगेनरला न सापडलेल्या शक्तीपैकी फार मोठा वाटा या ओढीचा आहे.

या क्रियेला शास्त्रज्ञ सबडक्शन म्हणतात; मराठीत तिला अधोगमन म्हणावे. जेथे पट्ट वाकून खाली जातो तेथे समुद्रतळावर एक खोल चर पडतो. पॅसिफिक महासागरातील मारियाना चर जवळजवळ ११ किलोमीटर खोल आहे. एव्हरेस्टचे शिखर त्यात ठेवले तरी त्यावर दोन किलोमीटर पाणी उरेल. भारत आणि आशिया यांच्यामध्येही पूर्वी टेथिस नावाचा असाच एक समुद्र होता. त्याचा तळ उत्तरेस आशियाखाली बुडत गेला आणि त्याने आपल्यामागे भारताला ओढून आणले. तळ संपला, तेव्हा खंडाची पाळी आली. परंतु खंडाचा खडक हलका; तो बुडावा कसा? मग दोन खंडांची टक्कर होऊन हिमालय उभा राहिला. किन्हीराजाचा कातळ उत्तर गोलार्धात आला तो एका बुडत्या समुद्राच्या ओढीने.

खाली जाणारा पट्ट नाहीसा झाला असे मात्र समजू नये. कियो वादाती या जपानी शास्त्रज्ञाने १९३० सालाच्या सुमारास भूकंपांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याला असे आढळले की काही भूकंप शेकडो किलोमीटर खोल होतात, आणि किनाऱ्यापासून आत जावे तसतशी त्यांची खोली वाढत जाते. पृथ्वीच्या पोटात एक उतरते फळकूट शिरलेले असावे, अशीच ती रचना होती. ते फळकूट म्हणजेच बुडणारा भूपट्ट. त्यातील भूकंप सुमारे ७०० किलोमीटर खोलीपर्यंत आढळतात. हा पट्ट आपल्याबरोबर समुद्राचे पाणीही खडकांत मुरवून नेतो. सुमारे शंभर किलोमीटर खोल गेल्यावर ते पाणी बाहेर पडते, आणि त्याच्या योगाने वरचा तप्त खडक सहज वितळू लागतो. म्हणून अशा प्रत्येक चराला समांतर ज्वालामुखींची माळ आढळते. अंदमानच्या पूर्वेस बॅरन नावाचे बेट आहे. त्यावरील जागृत ज्वालामुखी हा त्याच माळेतील मणी होय.

आता भूकंपाकडे वळावे. दोन भूपट्टांमधील संपर्काची जागा तेल घातलेल्या बिजागरीसारखी गुळगुळीत नसते. तीत ठिकठिकाणी घर्षणाने खडक एकमेकांत घट्ट अडकून बसतात. खालचा पट्ट पुढे जाऊ पाहतो. अडकलेली जागा त्याला जाऊ देत नाही. परिणामी वरच्या पट्टाची कड खालच्याबरोबर आत ओढली जाते, खाली दबते, आणि तिच्या मागचा भाग किंचित फुगतो. बांबूची कांब वाकवून धरावी तशी ही स्थिती असते. कांब वाकवताना काहीच आवाज होत नाही. तिच्या अंगी बळ मात्र साठत जाते. पट्टांची गती वर्षाला ५ सेंटिमीटर धरली आणि संपर्काची जागा दोनशे वर्षे पूर्णपणे अडकून राहिली, तर हिशेबाने १० मीटरांची हालचाल थकीत राहते. सावकाराच्या वहीतील व्याजासारखी ती वाढत असते, आणि एके दिवशी काही क्षणांत वसूल होते. अडकलेली जागा सुटते, वाकलेली कड उसळी घेऊन पूर्वस्थितीस येते, आणि शतकांचे साठलेले बळ काही मिनिटांत मोकळे होते. हाच भूकंप. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भूकंप झाला, त्याच्या अभ्यासावरून अमेरिकन शास्त्रज्ञ रीड याने या उसळीचे तत्त्व प्रथम स्पष्ट केले. तेथील भेग निराळ्या प्रकारची असली, तरी तत्त्व एकच आहे.

जगातील सर्वांत मोठे भूकंप अधोगमनाच्याच पट्ट्यात का व्हावेत, याचे कारणही यातच आहे. उभी भेग जमिनीत थोडीच खोल जाते. खालचा उष्ण खडक तुटण्याऐवजी वाहू लागतो. परंतु येथे एक पट्ट दुसऱ्याखाली तिरपा, मंद उताराने जात असल्यामुळे संपर्काचा पृष्ठभाग शंभर-दीडशे किलोमीटर रुंद आणि शेकडो किलोमीटर लांब असू शकतो. जेवढा पृष्ठभाग मोठा, तेवढा भूकंप मोठा. भूकंपाच्या मापात एका अंकाची वाढ म्हणजे ऊर्जेची सुमारे ३२ पट वाढ, आणि दोन अंकांची वाढ म्हणजे जवळजवळ हजारपट. १९६० साली चिली देशाच्या किनाऱ्यावर झालेला ९.५ मापाचा भूकंप हा आजवर यंत्रांनी नोंदलेला सर्वांत मोठा होय, आणि तो अशाच पट्ट्यात झाला.

हे सर्व समुद्राखाली घडते तेव्हा पाण्याचे काय होते? वरच्या पट्टाची कड वर उसळते, त्यासरशी तिच्यावर उभा असलेला चार-पाच किलोमीटर उंचीचा पाण्याचा सगळा स्तंभ वर उचलला जातो. शेकडो किलोमीटर लांबीच्या प्रदेशातील पाणी एकदम दोन-चार मीटर उंचावले, की ते दोन्ही बाजूंस पसरू लागते. हीच त्सुनामी. हा शब्द जपानी असून त्याचा अर्थ बंदरातील लाट असा आहे. मासेमार खोल समुद्रातून परत येत आणि गाव उद्ध्वस्त झालेले पाहत. वाटेत त्यांना लाट जाणवलेलीच नसे. याचे कारण असे, की वाऱ्याने उठणारी लाट केवळ पृष्ठभागावरचे पाणी हलवते, तर ही लाट तळापासून माथ्यापर्यंत सगळे पाणी हलवते. खोल समुद्रात तिची उंची बहुधा एक मीटरही नसते, आणि दोन शिखरांमधील अंतर शंभर-दोनशे किलोमीटर असते. जहाजाखालून ती गेली तरी नावाड्याला कळत नाही.

तिची गती पाण्याच्या खोलीवर ठरते. ४,००० मीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटर धावते, म्हणजे जवळजवळ विमानाच्या वेगाने. ५० मीटर खोलीत हा वेग ताशी ८० किलोमीटरांवर येतो, आणि १० मीटर खोलीत ३६ वर. लाटेचे पुढचे पाणी उथळात येऊन मंदावते. मागचे अद्याप खोलात असल्याने वेगाने येतच असते. मागचे पाणी पुढच्यावर चढते, आणि जी लाट खोल समुद्रात दिसलीही नसती ती किनाऱ्यापाशी भिंतीसारखी उभी राहते. कित्येकदा लाटेचा खोलगट भाग आधी पोहोचतो. तेव्हा समुद्र एकाएकी दूर ओसरतो आणि तळ उघडा पडतो. उघडे पडलेले मासे, शिंपले वेचावयास लोक धावतात. तेच त्यांचे शेवटचे धावणे ठरते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला या संकटाचा अनुभव आलेलाच नाही असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. अरबी समुद्राच्या उत्तर टोकाशी, इराण व बलुचिस्तान यांच्या किनाऱ्याला मकरान म्हणतात. तेथे अरबस्तानचा भूपट्ट वर्षाला दोन ते चार सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे खाली शिरतो आहे. २८ नोव्हेंबर १९४५ या दिवशी, पहाटे साडेतीनच्या सुमारास, पसनी गावासमोरील समुद्रात त्या पट्ट्यात ८.१ मापाचा भूकंप झाला. पसनी व ओरमारा ही गावे भूकंपाने आणि पाठोपाठ आलेल्या लाटांनी उद्ध्वस्त झाली. समुद्रतळावरील तारायंत्राचे दोर तुटले. कराचीच्या बंदरात पहाटेपासून एकामागून एक लाटा आल्या. मुंबई तेथून सुमारे बाराशे किलोमीटर दूर; तिला भूकंपाने काही इजा झाली नाही. सकाळ झाली, शहर कामाला लागले, आणि आठ-सव्वाआठच्या सुमारास समुद्र चढून आला. लाटेची उंची सुमारे दोन मीटर होती आणि मुंबईत पंधरा माणसे वाहून गेली, अशी त्या वेळची नोंद आहे.

भूकंप आणि मुंबईची लाट यांत जवळजवळ पाच तासांचे अंतर पडले. ते इतके का, याचा उलगडा वर सांगितलेल्या नियमाने होतो. मकरानपासून निघालेली लाट खोल पाण्यातून दोन तासांच्या आत भारताच्या बाजूस येते. परंतु मुंबईसमोर सुमारे तीनशे किलोमीटर रुंदीचा उथळ तळ पसरलेला आहे. त्यावर ती मंदावते आणि उरलेले तीन तास तेथेच खर्ची पडतात. हा उथळ तळ म्हणजे मुंबईला मिळालेली सवड होय. १९४५ साली ती सवड वाया गेली, कारण पहाटे मकरानला काय झाले याची वार्ता मुंबईच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला देणारी कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नव्हती. ती पंधरा माणसे अज्ञानाने नव्हे, वार्तेच्या अभावी गेली.

मकरानचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तेथे खाली जाणाऱ्या पट्टावर गाळाचा कित्येक किलोमीटर जाड थर आहे. पट्ट खाली शिरतो, पण गाळ मात्र वर खरवडला जातो आणि पुढे साचत राहतो. किन्हीराजाच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. वखर चालू असता पाशीपुढे माती आणि धसकटे गोळा होतात, तसाच हा ढीग. फक्त तो शेकडो किलोमीटरांचा आहे. त्यात वायू कोंडलेला असतो. जोराचा हादरा बसला, की चिखल व वायू वर फुटून समुद्रात नवे बेट उगवते. १९४५ साली अशी बेटे दिसली. पुढे २४ सप्टेंबर २०१३ रोजी बलुचिस्तानात भूकंप झाला तेव्हाही ग्वादरच्या समोर एक बेट वर आले, आणि काही वर्षांत लाटांनी ते धुऊन नेले.

किन्हीराजा ज्या भूपट्टावर आहे त्याची पूर्वेकडील कड अंदमान-निकोबार व सुमात्रा यांच्याखाली शिरते. २६ डिसेंबर २००४ रोजी, रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास, ही कड सुमात्राच्या वायव्येस सुटली. फाटत फाटत ती भेग उत्तरेस अंदमानापर्यंत, सुमारे १,३०० किलोमीटर गेली. भूकंपाचे माप ९.१ होते. निकोबारच्या दक्षिण टोकाचा इंदिरा पॉइंट सुमारे सव्वाचार मीटर खचला आणि तेथील दीपस्तंभाच्या पायथ्याशी समुद्र आला. उलट उत्तर अंदमानात प्रवाळांचे खडक पाण्याबाहेर उचलले गेले. कांबीचे एक टोक वर उसळावे आणि मागचा फुगवटा खाली बसावा, तसे हे झाले. लाट तामिळनाडूच्या किनाऱ्यास पोहोचण्यास अडीच तासांच्या आसपास वेळ लागला. तरीही नागपट्टणमसारख्या ठिकाणी लोक बेसावध सापडले. भारतात दहा हजारांहून अधिक आणि चौदा देशांत मिळून सुमारे २ लक्ष २७ हजार माणसे दगावली. १९४५ ची उणीव साठ वर्षांनंतरही भरून निघालेली नव्हती.

त्या दिवशी सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर मात्र निराळेच दृश्य दिसले. हे बेट भूकंपाच्या अगदी तोंडाशी होते आणि पहिली लाट तेथे काही मिनिटांतच आली. तरीही सुमारे ७८ हजार वस्तीपैकी केवळ सात माणसे मेली. १९०७ साली त्या बेटावर अशीच लाट आली होती, आणि तेव्हापासून आज्या-पणज्यांनी नातवंडांना एकच गोष्ट सांगितली होती: जमीन जोराने हलली आणि समुद्र ओसरला, तर कशाचीही वाट न पाहता डोंगर गाठावा. या आठवणीला त्यांच्या भाषेत ‘स्मोंग’ असा शब्दही आहे. तेथे यंत्रे नव्हती, तारा नव्हत्या. आजीची गोष्ट होती. तिने हजारो जीव वाचवले.

तथापि समुद्राखालचा प्रत्येक मोठा भूकंप लाट उठवतो असेही नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस ८.६ मापाचा भूकंप झाला आणि सगळ्या किनाऱ्यांवर धावपळ उडाली. पण मोठी लाट आली नाही. कारण त्या वेळी खडक एकमेकांशेजारून आडवे सरकले; तळ वर उचलला गेलाच नाही. बादलीची कड नुसती घासली तर पाणी हिंदकळत नाही; तळाला खालून धक्का बसला तर हिंदकळते.

त्याचप्रमाणे महाराष्ट्राच्या अंतर्भागातील भूकंपांना अधोगमनाचे भूकंप समजणे चूक होईल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. तेथे धरणाच्या प्रचंड जलाशयामुळे आधीच ताणाखाली असलेल्या भेगा सुटल्या, असे शास्त्रज्ञ मानतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर गाव झोपी गेले असता, किल्लारी व आसपासची गावे कोसळली आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. त्या भूकंपाचे माप सुमारे ६.२, म्हणजे सुमात्राच्या मानाने अगदी किरकोळ. पण तो उथळ होता, आणि दगडामातीच्या जाड भिंती व मातीने लादलेली धाबी यांनीच घात केला. २०२४ साली २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ मापाचे धक्के बसले व शेजारच्या जिल्ह्यांतही ते जाणवले. भूपट्टाच्या कडांवर जी ढकलाढकल चालते तिचा ताण दूरवर, पट्टाच्या मध्यापर्यंतही पोहोचतो, आणि जुन्या दुबळ्या भेगा अधूनमधून हलतात. अशा धक्क्यानंतर समुद्र येईल ही भीती व्यर्थ आहे. पण घराच्या भिंती भक्कम बांधलेल्या, कोपऱ्यांत एकमेकींत नीट गुंतवलेल्या आणि छपराशी जोडलेल्या असाव्यात, ही काळजी मुळीच व्यर्थ नाही.

२००४ च्या आघातानंतर भारताने हैदराबाद येथे महासागरविषयक माहिती देणाऱ्या इन्कॉइस या संस्थेत त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र उभारले. ते ऑक्टोबर २००७ पासून कार्य करीत आहे. त्याचे तत्त्व साधे आहे. भूकंपाची कंपने खडकातून सेकंदाला कित्येक किलोमीटर धावतात. लाट मात्र फार तर सेकंदाला दोनशे मीटर. कंपने काही मिनिटांतच हैदराबादच्या यंत्रांवर उमटतात आणि भूकंप कोठे झाला, किती मोठा व किती खोल, हे कळते. मग समुद्राच्या तळाशी ठेवलेली दाबमापक यंत्रे वरचे पाणी खरोखरच चढले की काय ते सांगतात आणि किनाऱ्यावरची भरतीमापक यंत्रे त्यास दुजोरा देतात. भूकंप केव्हा होणार हे आजही कोणी सांगू शकत नाही. झालेल्या भूकंपाची लाट केव्हा पोहोचणार, हे मात्र मिनिटांच्या हिशेबाने सांगता येते. या दोन गोष्टींतील भेद ज्याने ओळखला तो अमुक तारखेला प्रलय होणार या अफवेला भुलणार नाही, आणि खऱ्या इशाऱ्याची थट्टाही करणार नाही.

मुंबईचा किनारा १९४५ साली होता त्याहून आज कितीतरी पट गजबजलेला आहे. तेथे भरती-ओहोटीतील फरक मोठ्या उधाणाच्या वेळी पाच मीटरांच्या जवळपास जातो. दोन मीटरांची लाट ओहोटीच्या वेळी आली तर कदाचित चौपाटीच्या वाळूवरच विरेल. तीच पावसाळ्यातील उधाणाच्या भरतीवर स्वार होऊन आली तर गोष्ट निराळी. म्हणून इशारा मिळताच किनाऱ्यापासून दूर व उंचावर जावे, पक्क्या इमारतीचे वरचे मजले गाठावेत, पहिली लाट ओसरली म्हणून परत फिरू नये. लाटा तासन्‌तास येत राहतात, आणि पहिलीच सर्वांत मोठी असते असे नाही. लाट पाहावयास किनाऱ्यावर जाणे हा तर शुद्ध अविचार. जो लाट पाहू शकतो, त्याला पळण्यास वेळ उरलेला नसतो.

सिमेउलुएच्या आजीने सांगितली ती गोष्ट तेथल्याच समुद्राची होती. मुंबईत राहणाऱ्या घरांतून १९४५ ची गोष्ट फारशी सांगितली गेली नाही, आणि म्हणून ती विसरली गेली. आता ती सांगणे अवघड नाही. किन्हीराजाच्या शाळेतील एखादी मुलगी आज विहिरीच्या काठावरचा काळा दगड उचलून पाहील, तर तिला त्या दगडाचा सगळा प्रवास सांगता येईल: तो कोठे थिजला, कोणत्या बुडत्या समुद्राने त्याला ओढले, आणि त्याच भूपट्टाची दूरची कड निकोबारखाली अजूनही कशी शिरते आहे. उद्या तीच मुलगी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबईच्या किनाऱ्यावर राहावयास जाईल. एखाद्या सकाळी इशारा आला, तर शेजारीपाजारी समुद्र पाहावयास निघाले असता जिन्यात उभी राहून त्यांना परत फिरवणारी कदाचित तीच असेल.